सपोर्ट को-ऑर्डिनेटर : त्याचे काम कोणते, आपला हक्क कोणता?

ऑस्ट्रेलियातील नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एनडीआयएस’, या दिव्यांग व्यक्तीच्या नावे मदतीचा निधी मंजूर करणाऱ्या सरकारी योजनेची ओळख गेल्या अंकात करून दिल्यानंतर तेथील मराठी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक पत्रांचा रोख एकाच व्यक्तीकडे आहे, आणि ती व्यक्ती म्हणजे मंजूर निधीतून सेवा जुळवून आणायला मदत करणारा सपोर्ट को-ऑर्डिनेटर. त्याला या सदरात पुढे ‘समन्वयक’ म्हटले आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील वगळून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असून त्याला ऑटिझम आणि बौद्धिक अपंगत्व आहे. त्याचा प्लॅन नुकताच मंजूर झाला आणि त्यात ‘सपोर्ट को-ऑर्डिनेशन’ या नावाखाली वेगळी रक्कम दाखवली आहे. आमच्याकडे एलएसी आहे, बिले भरायला प्लॅन मॅनेजर आहे, मग हा तिसरा माणूस कशासाठी? हीच रक्कम थेरपीसाठी वळवता येणार नाही का? – एक आई, मेलबर्न

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. ही रक्कम ठरावीक कामासाठी राखून ठेवलेली असते आणि ती थेरपीकडे किंवा प्रत्यक्ष मदतीला येणाऱ्या सपोर्ट वर्करच्या तासांकडे वळवता येत नाही. ती वापरली नाही तर आपली काही बचत होत नाही, एवढेच घडते की मिळू शकणारी मदत मिळत नाही. शिवाय ही रक्कम प्रत्येकाच्या प्लॅनमध्ये नसते. व्यक्तीची परिस्थिती गुंतागुंतीची आहे, सेवा जुळवून आणण्यासाठी मदत लागेल, असे योजना चालवणाऱ्या एनडीआयए या सरकारी यंत्रणेला वाटले तरच ती मंजूर होते. म्हणून ती मिळाली असेल तर जरूर वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मुख्य प्रश्न. प्लॅन म्हणजे सेवा नव्हे. प्लॅनमध्ये असते ती रक्कम, त्या रकमेचे वेगवेगळे कप्पे आणि ती कोणत्या उद्दिष्टासाठी वापरायची याची नोंद. २०१३ च्या कायद्याने ही योजना उभी राहिली, तेव्हा सरकारने संस्थांना ठोक अनुदान द्यायचे आणि कोणाला काय मिळेल ते संस्थांनी ठरवायचे, ही जुनी पद्धत मोडून पैसा दिव्यांग व्यक्तीच्या नावे ठेवावा आणि निवडीचा अधिकार तिच्या हाती द्यावा, हा विचार तिच्या मुळाशी होता. हा बदल फार मोलाचा आहे. मात्र त्याबरोबर शोधाशोधीचे सारे ओझेही कुटुंबावर येऊन पडले. रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणारा, आपल्या भागातला कोणता ऑक्युपेशनल थेरपिस्ट नवी नावे घेतो आहे, कोणत्या संस्थेचा सपोर्ट वर्कर आपल्या मुलाशी जमवून घेईल, करारातील कोणती अट पुढे अडचणीत आणेल, हे नव्याने आलेल्या आईवडिलांना कसे कळणार? मंजूर झालेला कागद आणि प्रत्यक्ष घरी पोचणारी मदत यांच्यामधली ही जागा समन्वयकाची आहे.

तिघांमधला फरक असा. एलएसी, म्हणजे लोकल एरिया को-ऑर्डिनेटर, हा एनडीआयएने नेमलेल्या भागीदार संस्थेचा माणूस असतो. अर्ज करायला, प्लॅन समजून घ्यायला, परिसरातील सर्वांसाठी खुल्या असलेल्या सोयींशी जोडून द्यायला तो मदत करतो, आणि त्याचा मोबदला आपल्या प्लॅनमधून जात नाही. मात्र त्याच्याकडे अनेक कुटुंबे असतात, त्यामुळे एकेका घराच्या बारीकसारीक गोष्टींचा पाठपुरावा त्याच्याकडून होईलच असे नाही. प्लॅन मॅनेजर पैशांचा हिशेब सांभाळतो, बिले तपासून चुकती करतो आणि किती शिल्लक आहे ते कळवतो, पण कोणाची सेवा घ्यावी हे सांगणे त्याचे काम नाही. समन्वयक मात्र आपल्या प्लॅनमधील पैशांतून, आपण निवडल्यावर, आपल्यासाठी काम करतो. नऊ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत बरेचसे असेच काम अर्ली चाइल्डहूड पार्टनर, म्हणजे लहान मुलांसाठीच्या भागीदार संस्था, करतात, म्हणून लहान मुलांच्या पालकांना हा शब्द सहसा उशिरा भेटतो.

चांगले काम कसे दिसते ते एका उदाहरणाने सांगते. समजा, आपल्या मुलाने ‘मला एकट्याने ट्रेनने पोहायला जायचे आहे’ असे उद्दिष्ट सांगितले आहे. जाणता समन्वयक पहिल्या भेटीत प्लॅनची प्रत समोर ठेवून कोणत्या कप्प्यातून काय साधता येईल ते तुमच्यासोबत बसून पाहील. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून मुलाच्या प्रवास करण्याच्या क्षमतेचे मूल्यमापन करून घ्यावे लागेल. बहुतेकांकडे प्रतीक्षायादी असते, म्हणून तो एकाच ठिकाणी विसंबून न राहता दोन-तीन ठिकाणी नाव नोंदवेल आणि कोणाकडे आधी जागा होते याची चौकशी करत राहील. त्याच सुमारास सपोर्ट वर्करचा शोध सुरू होईल, आणि तुम्हाला दोन-तीन पर्याय दाखवून त्यांची भेट घडवून आणली जाईल. थेरपिस्टचा अहवाल आला की तो सपोर्ट वर्करपर्यंत पोचला आहे ना, त्याप्रमाणे सराव चालला आहे ना, म्हणजे आधी शेजारी बसून, मग दोन बाकडी सोडून बसून आणि नंतर पुढच्या स्टेशनवर थांबून, हे तो पाहील. अहवाल एकाच्या कपाटात आणि काम दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती ज्या घरात असते तेथे पैसे खर्च होतात आणि मुलगा मात्र जिथल्या तिथेच राहतो.

त्याने काय करायचे नाही, हेही सांगायला हवे, कारण पुष्कळ गैरसमज येथेच होतात. मुलाला दवाखान्यात नेणे, त्याच्याबरोबर थांबणे, स्वयंपाक किंवा साफसफाई ही सपोर्ट वर्करची कामे आहेत. निधी वाढवणे किंवा कमी करणे समन्वयकाच्या हाती नाही, तो निर्णय एनडीआयएचा. आणि तुमच्या मुलाच्या वतीने करारावर सही करणे किंवा परस्पर सेवा ठरवून टाकणे हे तर त्याने मुळीच करायचे नाही. हा निधी प्लॅनच्या क्षमता वाढवण्याच्या भागात ठेवलेला असतो, हे लक्षात घ्यावे. म्हणजे वर्ष सरताना तुम्हाला आणि तुमच्या मुलाला ही व्यवस्था आधीपेक्षा अधिक समजायला हवी, फोन कोणाला करायचा हे ठाऊक असायला हवे. सगळे काही त्याच्याच हाती राहिले आणि तो रजेवर गेला की घर अडून बसते, असे होत असेल, तर काम कितीही तत्परतेने चाललेले दिसो, ते अपुरेच आहे.

प्रश्न : माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. समन्वयक नेमून थोडेच महिने झाले, आणि बिलात ईमेल वाचण्याचे, फोनचे, एवढेच काय, आम्ही हजर नसलेल्या बैठकीचेही पैसे लावलेले आहेत. प्रत्यक्ष भेट तर एकदाच झाली. हे नियमाला धरून आहे का? – एक वाचक, सिडनी

उत्तर : केवळ आपण समोर नव्हतात म्हणून ते बिल चुकीचे ठरत नाही. समन्वयाचे बरेचसे काम फोनवर, पत्रव्यवहारात आणि अहवाल लिहिण्यातच होते. असे काम थेट आपल्या पत्नीसाठी केलेले असेल आणि ते आकारले जाईल हे सेवा करारात आधी मान्य झालेले असेल, तर त्याचे पैसे लावता येतात. संस्थेचा स्वतःचा कारभार मात्र आपल्या माथी मारता येत नाही. बिल तयार करणे, नव्या कर्मचाऱ्याला प्रशिक्षण देणे, संस्थेच्या अंतर्गत बैठका, ही त्यांची कामे झाली. प्रवासाचा वेळ लावायचा असेल तर त्यालाही आपली आधी संमती लागते.

बिल वाचताना हिशेब असा मांडावा. गेली काही वर्षे शहरी भागात दुसऱ्या, म्हणजे सर्वांत प्रचलित स्तराच्या समन्वयाची कमाल मर्यादा तासाला १००.१४ डॉलर आहे. वर्षाला २४ तास मंजूर असतील तर एकूण २,४०३.३६ डॉलर होतात. अर्ध्या तासाच्या एका नोंदीला ५० डॉलरहून थोडे अधिक जातात. म्हणजे ‘ईमेल – ०.५ तास’ अशी नोंद सहा वेळा आली की तीन तास संपले, आणि तेवढ्यात काय घडले हे कोणालाच सांगता येत नाही. नोंद ‘ईमेल’ अशी नको, ‘फिजिओथेरपिस्टला व्हीलचेअरच्या मोजमापाबाबत पत्र, उत्तराचा पाठपुरावा’ अशी हवी. अशा नोंदी मागणे हा उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे. आपली माणसे अनेकदा संकोचाने गप्प बसतात, ‘एवढी मदत करतो, त्याला कसे विचारायचे’ असे म्हणतात, आणि वर्षाच्या मध्यातच तास संपलेले असतात.

आणखी एक गोष्ट. मे २०२५ पासून नव्या प्लॅनमध्ये निधी वर्षभरासाठी एकदम खुला न होता ठरावीक कालखंडांच्या हप्त्यांनी, बहुधा तीन-तीन महिन्यांनी, उपलब्ध होतो. एका हप्त्यात न वापरलेली रक्कम त्याच प्लॅनच्या पुढच्या हप्त्यात येते, पण पुढच्या हप्त्याचे पैसे आधी वापरता येत नाहीत. सुरुवातीला सेवा जुळवताना तास जास्त लागतात, हे खरे. म्हणून पहिल्याच भेटीत, कोणत्या तिमाहीत अंदाजे किती तास लागतील याचा लेखी आराखडा मागून घ्यावा, आणि प्लॅन संपण्यापूर्वी एनडीआयएला पाठवायच्या अहवालासाठी काही तास राखून ठेवायला सांगावे. तास संपल्यामुळे हा अहवाल घाईत आणि त्रोटक लिहिला गेला, तर पुढच्या वर्षीच्या मंजुरीवर त्याची छाया पडते.

प्रश्न : समन्वयक ज्या संस्थेत काम करतो त्याच संस्थेचे सपोर्ट वर्कर घ्या, त्यांच्याच घरात तुमच्या भावाला ठेवा, असा आग्रह सुरू झाला आहे. ‘सगळे एकाच छताखाली सोपे जाते’ असे तो सांगतो. आम्हाला नाही म्हणणे अवघड वाटते. – एक बहीण, ब्रिस्बेन

उत्तर : अवघड वाटले तरी येथे थांबून विचार करावा, असे मी कळकळीने सांगते. एकाच संस्थेने समन्वय आणि इतर सेवा दोन्ही देण्यावर सरसकट बंदी नाही, आणि दुर्गम भागात तर कधीकधी दुसरा पर्यायच नसतो. परंतु ज्याने आपल्याला चार दुकाने दाखवायची त्याचेच त्यांतले एक दुकान असेल, तर त्याचा सल्ला आपल्या हिताचा आहे की त्याच्या, हे कसे ओळखायचे? म्हणून हितसंबंध गुंतलेले असल्याचे उघडपणे सांगणे, स्वतःच्या संस्थेखेरीज इतरही पर्याय समोर ठेवणे आणि निवड आपल्यावर सोडणे, ही समन्वयकाची जबाबदारी आहे. एनडीआयएसची आचारसंहिता नोंदणीकृत आणि नोंदणी नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या सेवादात्यांना सारखीच लागू होते.

राहण्याच्या जागेच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे. घर आणि घरातली देखभाल एकाच संस्थेकडे असेल, तर देखभाल बिघडल्यावर तक्रार करताना डोक्यावरचे छप्परही पणाला लागेल अशी भीती वाटते, आणि त्या भीतीने माणसे वर्षानुवर्षे गप्प राहतात. समन्वयकही तिथलाच असेल तर ज्याच्याकडे गाऱ्हाणे न्यायचे तोही त्याच संस्थेचा नोकर ठरतो. माझे मत विचाराल तर या तीन गोष्टींपैकी निदान समन्वय तरी बाहेरच्या, स्वतंत्र माणसाकडे असावा.

भावाच्या वतीने एक छोटे पत्र लिहावे : आपल्या संस्थेखेरीज आणखी किमान दोन संस्थांची माहिती आम्हाला लेखी द्यावी, आणि आपल्या संस्थेचे यात कोणते हितसंबंध आहेत ते कळवावे. प्रामाणिक माणूस हे पत्र मनावर घेणार नाही. दबाव वाढला, किंवा ‘आमची सेवा घेतली नाही तर समन्वयही बंद’ अशी भाषा आली, तर एनडीआयएस क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशनकडे १८०० ०३५ ५४४ या क्रमांकावर तक्रार करता येते. नाव न सांगताही ती करता येते. २०१८ मध्ये सुरू झालेले हे कमिशन एनडीआयएपासून वेगळे आहे, आणि चौकशीपासून ते एखाद्याला या क्षेत्रात काम करण्यास मनाई करण्यापर्यंतचे अधिकार त्याला आहेत. तक्रार केल्याने भावाचा निधी कमी होत नाही.

प्रश्न : माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कोणी म्हणते स्पेशालिस्ट समन्वयक घ्या, कोणी म्हणते रिकव्हरी कोच मागा. फरक काय? – ॲडलेड

उत्तर : समन्वयाचे तीन स्तर आहेत. पहिल्यात फक्त सेवांशी जोडून दिले जाते, दुसरा सर्वांत प्रचलित असून वर ज्याचे वर्णन केले तोच आहे. तिसरा स्पेशालिस्ट स्तर हा धोका किंवा गुंतागुंत मोठी असेल तेव्हाचा, उदाहरणार्थ घर सुटण्याची वेळ आली आहे, न्यायालयाचे प्रकरण आहे, रुग्णालयातून सोडायचे आहे पण जायला जागा नाही. या स्तरावर सहसा सोशल वर्कर, सायकॉलॉजिस्ट अशी पात्रता असलेली माणसे काम करतात. स्तर कोणता मिळेल हे प्लॅनमध्येच ठरलेले असते.

रिकव्हरी कोच ही सोय २०२० पासून मानसिक आजारामुळे अपंगत्व आलेल्यांसाठी सुरू झाली. सेवा जुळवण्याच्या जोडीला तो माणसाबरोबर काम करतो. दिवसाची घडी बसवणे, आजार उलटण्याची चिन्हे ओळखणे, बरा काळ आणि वाईट काळ दोन्हींसाठी मदत कशी बदलायची ते ठरवणे, हे त्यात येते. स्वतः अशा आजारातून गेलेला कोचही मागता येतो, आणि घरच्यांशी बोलायचेच सोडून दिलेला एखादा माणूस अशा कोचशी मोकळा होऊ शकतो. बहुतेक प्लॅनमध्ये दोन्हींपैकी एकच मंजूर होते. भावाचे दिवस साधारण स्थिर असून आयुष्य पुन्हा उभे करायचे असेल तर कोच, आणि संकट दारात उभे असेल तर स्पेशालिस्ट समन्वयक, असा कल मी ठेवेन. औषधोपचार आणि मानसोपचारतज्ज्ञ हे मात्र आरोग्यव्यवस्थेचे काम आहे, एनडीआयएसच्या पैशांतून ते होत नाही.

प्रश्न : आमचा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, तो फारच कमी बोलतो. नवी समन्वयक प्रत्येक गोष्ट त्यालाच विचारते आणि आम्हाला थांबवते. आम्ही त्याचे आईवडील आहोत, त्याला काय हवे ते आमच्यापेक्षा तिला जास्त कळते का? – पर्थ

उत्तर : आपल्या पत्रातील दुखावलेपण मला समजते. ज्या मुलासाठी आपण सारे आयुष्य वेचले त्याच्याविषयी कोणी परक्या व्यक्तीने आपल्याला गप्प बसायला सांगावे, हे सोसणे सोपे नाही. तरीही मी त्या समन्वयकाच्या बाजूने आहे.

कायद्याची बाजू प्रथम सांगते. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत पालक त्याचे प्रतिनिधी म्हणून निर्णय घेतात. अठरा पूर्ण होताच तो अधिकार आपोआप संपतो. त्यानंतर मुलाच्या वतीने निर्णय घ्यायचे असतील तर एनडीआयएकडून प्लॅन नॉमिनी म्हणून नेमणूक व्हावी लागते, आणि ती आवश्यक असेल तरच होते. नॉमिनी झाल्यावरही मुलाची इच्छा काय आहे हे जाणून घेण्याचे कर्तव्य राहतेच. आपण नॉमिनी आहात की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही. नसाल तर समन्वयक जे करते आहे ते तिला करावेच लागेल.

आता कायद्यापलीकडचे. अशी एक बैठक मी पाहिली आहे. आठवड्यातून एकदा बाहेर जायचे तर कुठे, असा प्रश्न होता. आईने लगेच ‘मंदिरात, त्याला तिथे शांत वाटते’ असे सांगितले. समन्वयकाने टेबलावर चार छायाचित्रे मांडली, मंदिर, ग्रंथालय, बोलिंग आणि समुद्रकिनारा, आणि मग कोणीही काही न बोलता वाट पाहिली. बराच वेळ गेला. आईचा हात दोनदा पुढे झाला आणि मागे गेला. मुलाने बोलिंगचे छायाचित्र उचलले, आणि दुसऱ्या हाताने मंदिराचेही. दोन्ही. त्याच्या आईला त्याचे मन कळत नव्हते असे मुळीच नाही, तिचे उत्तर खरेच होते, पण ते अर्धे होते, आणि उरलेले अर्धे त्याने स्वतः सांगितले.

आपल्याला वगळले जाऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. कोणत्या आवाजाने तो घाबरतो, ‘हो’ म्हणताना तो कुठे पाहतो, नकार कसा देतो, ही माहिती आपल्याखेरीज कोणाकडे नाही. ती समन्वयकाला लिहून द्यावी. बैठकीपूर्वी पंधरा मिनिटे आपल्याशी वेगळे बोलायला तिला सांगावे, अर्थात मुलाला त्याची कल्पना देऊन. आपण दोघे नसू तेव्हा त्याचे काय, हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात असतो. आपली आवड त्याने आणखी चार लोकांना समजेल अशा रीतीने सांगायला शिकणे, याची तयारी आजच सुरू होते आहे, असे मला वाटते.

घरात कोणाला इंग्रजी अवघड जात असेल तर टीआयएस नॅशनल या सरकारी दुभाषा सेवेच्या १३१ ४५० या क्रमांकावरून दुभाषा मागता येतो. मागताना ‘मराठी’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर भारतीय म्हणून हिंदीचा दुभाषा गृहीत धरला जाण्याची शक्यता असते. मुलाच्या बैठकीत त्याच्या धाकट्या बहिणीला दुभाषा करू नये.

प्रश्न : आम्ही तात्पुरत्या व्हिसावर आहोत, मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. समन्वयक मिळेल का? आणि वयाच्या ६७ व्या वर्षी पक्षाघात झालेल्या वडिलांचे काय? – दोन वाचकांची पत्रे, एकत्र उत्तर

उत्तर : एनडीआयएससाठी ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व, कायम रहिवासाचा व्हिसा किंवा न्यूझीलंडच्या काही नागरिकांना असलेला संरक्षित विशेष श्रेणीचा व्हिसा लागतो. तात्पुरत्या व्हिसावर ही योजना, आणि म्हणून तिच्यातील समन्वयक, मिळत नाही. शाळेतील साहाय्य आणि राज्याच्या आरोग्यसेवा कोणत्या मिळतात याची मात्र जरूर चौकशी करावी. कायम रहिवासाचा अर्ज करताना कुटुंबातील प्रत्येकाला आरोग्याची अट लागू होते, त्यामुळे अर्जापूर्वी नोंदणीकृत मायग्रेशन एजंटचा सल्ला घ्यावा. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अनुभवावर विसंबू नये.

वडिलांच्या बाबतीत, एनडीआयएसचा अर्ज वयाच्या पासष्ट वर्षांपूर्वी करावा लागतो. त्यानंतरची वाट माय एज्ड केअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी सेवेची, क्रमांक १८०० २०० ४२२. जे आधीपासून एनडीआयएसमध्ये आहेत त्यांना पासष्टीनंतरही त्यात राहता येते.

प्रश्न : नव्या प्लॅनमध्ये मुलीच्या थेरपीचा निधी निम्मा झाला. समन्वयक म्हणतो, ‘मी तुमच्या वतीने भांडू शकत नाही.’ मग तो आहे कशाला? – एक वडील, कॅनबेरा

उत्तर : त्याचे म्हणणे बरोबर आहे, पण त्याने ते अर्धवट सांगितले. निर्णयाविरुद्ध आपली बाजू लढवणे हे स्वतंत्र ॲडव्होकेटचे, म्हणजे वकिलाचे नव्हे तर दिव्यांगांची बाजू मांडणाऱ्या कार्यकर्त्याचे, काम आहे. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांकडून ही मदत मोफत मिळते. आपल्या भागातल्या ॲडव्होकसी संस्थेशी गाठ घालून देणे, हे मात्र समन्वयकाचेच काम. पुरावा गोळा करायलाही त्याने मदत केली पाहिजे. गेल्या वर्षी थेरपीने काय बदलले, ती थांबली तेव्हा काय घडले, हे त्याच्या अहवालात असायला हवे. थेरपिस्टच्या अहवालात केवळ निदान असून चालत नाही. मुलगी कपडे घालताना कोणत्या टप्प्यावर अडते, किती मदत लागते, मदत नसेल तर काय होते, अशी कार्यक्षमतेची भाषा तिथे लागते. भारतातले जुने अहवाल इतिहास म्हणून जोडावेत, पण आजची स्थिती सांगणारा येथील तज्ज्ञाचा अहवाल हवाच.

मुदती पाळाव्यात. निर्णय मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत एनडीआयएकडे अंतर्गत फेरविचाराची मागणी करता येते. त्याचाही निकाल पटला नाही तर २८ दिवसांच्या आत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे जाता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जुन्या अपिल्स ट्रिब्युनलची जागा या न्यायाधिकरणाने घेतली, म्हणून जुन्या माहितीपत्रकांवर विसंबू नये. दरम्यान जो निधी मिळाला आहे तो वापरत राहावे. तो न वापरल्यास ‘गरजच नव्हती’ असा अर्थ लावला जाऊ शकतो.

प्रश्न : समन्वयक बदलायचा आहे. पण ही पदेच रद्द होणार असे ऐकतो, मग थांबावे का? – मेलबर्न

उत्तर : थांबू नये. डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एनडीआयएसच्या स्वतंत्र पुनरावलोकन अहवालाने समन्वयक आणि एलएसी यांच्या जागी ‘नॅव्हिगेटर’ नेमावेत अशी शिफारस केली आहे, आणि चर्चेचे मूळ तिथे आहे. शिफारशीवरून आजची मदत सोडून देण्याचे काही कारण नाही. आपल्या प्लॅनमध्ये निधी आहे तोवर तो वापरण्याचा आणि समन्वयक बदलण्याचा हक्क आपला आहे. त्यासाठी कारण देण्याचीही गरज नाही.

सेवा करारातील सूचनेची मुदत पाहावी आणि लेखी सूचना द्यावी. प्लॅनची रक्कम एनडीआयए थेट सांभाळत असेल तर नवा समन्वयक नोंदणीकृतच हवा, आणि प्लॅन मॅनेजर असेल किंवा आपण स्वतः व्यवहार पाहत असाल तर नोंदणी नसलेलाही चालतो. मुदत संपण्यापूर्वी जुन्या समन्वयकाकडून चालू सेवांची यादी, करारांच्या प्रती, कोणत्या प्रतीक्षायादीत कोणत्या तारखेला नाव नोंदवले आहे ते आणि उरलेल्या तासांचा हिशेब लेखी मागून घ्यावा. प्रतीक्षायादीची तारीख हरवली तर अनेक ठिकाणी पुन्हा शेवटून सुरुवात करावी लागते. नव्या व्यक्तीशी करार करण्यापूर्वी एकदा भेटावे, आणि त्या भेटीत ती प्लॅनविषयी बोलते आहे की ज्याचा प्लॅन आहे त्याच्याशी, याकडे लक्ष द्यावे. शेवटी प्लॅन मॅनेजरला बदलाची तारीख ईमेलने कळवावी, म्हणजे त्या तारखेनंतरच्या कामाची जुनी बिले आली तर तो ती अडवून आपल्याला विचारेल.